उरलेल्या बटाट्यांचा फ्रिटाटा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रीजमध्ये कालचे उकडलेले बटाटे आहेत, दारात अंडी आहेत, एखादी अर्धी ढोबळी मिरची सुकायला लागली आहे. एवढ्या भांडवलावर चार जणांचा पोटभर नाश्ता होतो. फ्रिटाटासाठी, म्हणजे भाज्या घातलेल्या इटालियन अंड्याच्या पदार्थासाठी, मुद्दाम बाजारात जाऊन पिशवीभर भाज्या आणणं म्हणजे उलटा न्याय झाला, कारण हा पदार्थ मुळात उरलेल्याचाच आहे.

आधी प्रमाण सांगून टाकू, म्हणजे पुढची उत्तरं समजायला सोपी जातील. ६ अंडी, सुमारे ३०० ग्रॅम उकडलेले बटाटे (मध्यम आकाराचे तीन), एक मोठा कांदा, वाटीभर परतलेल्या भाज्या, तीन टेबलस्पून तेल, मीठ, मिरपूड आणि हवं तर थोडं किसलेलं चीज. भांडं २० ते २२ सेंटिमीटर व्यासाचं, सपाट बुडाचं आणि चार-पाच सेंटिमीटर खोल. अंडी गावरान असतील तर ती लहान असतात, म्हणून सात-आठ घ्या.

फ्रिटाटा म्हणजे जाड ऑम्लेटच ना?

नात्यातला आहे, पण स्वभाव वेगळा. ऑम्लेट बऱ्यापैकी तापलेल्या तव्यावर दोन-तीन मिनिटांत होतं, त्याची घडी घालतात आणि ते गरमच खायचं असतं. फ्रिटाटा मंद आचेवर सावकाश शिजतो, त्याची घडी घालत नाहीत, त्रिकोणी तुकडे कापतात. शिवाय तो कोमट किंवा गारही छान लागतो. ऑम्लेटमध्ये अंडं मुख्य आणि आतलं सारण तोंडी लावण्यापुरतं. फ्रिटाटात भाज्या भरपूर, आणि त्यांना धरून ठेवण्यापुरतं अंडं.

इटलीत हे रोजचं घरगुती खाणं आहे. कांद्याचा, बटाट्याचा, शतावरीच्या कोंबांचा (ॲस्परॅगसचा), झुकिनीचा, जे हाताशी असेल त्याचा करतात. नेपल्समध्ये तर आदल्या दिवशीचा उरलेला पास्ता अंड्यात घालून करतात आणि समुद्रावर किंवा सहलीला जाताना डब्यात बांधून नेतात. ईस्टरनंतरच्या सोमवारी इटालियन कुटुंबं बाहेर जेवायला पडतात, त्या शिदोरीतही फ्रिटाटा हमखास असतो.

मग स्पेनचा बटाट्याचा तोर्तिया वेगळा कसा?

तिथे बटाटा उरलेला नसतो. कच्च्या बटाट्याच्या पातळ चकत्या भरपूर ऑलिव्ह तेलात मंद आचेवर मऊ होईपर्यंत शिजवतात, मग निथळून अंड्यात मुरवतात. बाकी भाज्या सहसा नाहीत. कांदा घालावा की नाही यावरून स्पेनमध्ये दोन तट आहेत आणि ते हटत नाहीत. फेरान आद्रिया या नामवंत स्पॅनिश शेफने तर बटाट्याचे वेफर्स अंड्यात भिजवून तोर्तिया करायची युक्ती लोकप्रिय केली. घरात सादळलेल्या वेफर्सचं पाकीट असेल तर करून बघायला हरकत नाही; मीठ मात्र वेगळं घालू नका.

उरलेले बटाटे किती दिवसांचे चालतात?

उकडून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, झाकणाच्या डब्यात गेले असतील तर तीन दिवसांपर्यंत. रात्रभर ओट्यावर राहिलेले बटाटे, विशेषतः एप्रिल-मेमध्ये किंवा कोकणातल्या दमट हवेत, वापरू नका. बोटाला बुळबुळीत लागले किंवा आंबूस वास आला तर सरळ फेकून द्या. कच्चा असतानाच हिरवा पडलेला बटाटा उकडून चांगला होत नाही, त्यातला कडवटपणा आणि अपायकारक भाग शिजवल्यानं जात नाही.

ताजे बटाटे उकडून केलं तर जास्त चांगलं होणार नाही का?

उलट. नुकता उकडलेला बटाटा ओला आणि भुसभुशीत असतो, कापताना तुटतो आणि परतताना त्याचा लगदा होतो. फ्रीजमध्ये रात्रभर राहिला की त्यातलं फुगलेलं पिठूळ पुन्हा घट्ट बांधलं जातं. मग सुरीखाली स्वच्छ काप पडतात आणि कढईत कडा खरपूस होतात. शिळा बटाटा इथे तडजोड म्हणून वापरायचा नाही, तोच योग्य माल आहे. ताजेच वापरायचे असतील तर उकडून, सालं काढून, निदान दोन-तीन तास फ्रीजमध्ये ठेवा.

नवा बटाटा जरा चिकट असतो, त्याचे काप अखंड राहतात. जुना बटाटा फार शिजला असेल तर काप जाड ठेवा, एक सेंटिमीटरपर्यंत.

बटाट्याचे काप थेट अंड्यात टाकले तर चालेल का? शिजलेलेच तर आहेत.

खाता येईल, पण चव पांचट लागेल. ही एक पायरी गाळू नका, असं मी प्रत्येकाला सांगते. दोन टेबलस्पून तेल चांगलं तापवा, काप एकाच थरात पसरा आणि तीन-चार मिनिटं हात लावू नका. खालून सोनेरी झाले की उलटा. सतत ढवळत राहिलं तर रंग येत नाही आणि बटाटा मोडतो. मीठ याच वेळी, थोडं, बटाट्यांवर घाला. अंड्यातलं मीठ बटाट्याच्या आत पोचत नाही, म्हणून बऱ्याच घरच्या फ्रिटाटात अंडं खारट आणि बटाटा अळणी असतो.

उरलेली बटाट्याची भाजी वापरता येईल? मोहरी-हळद-कढीपत्ता घातलेली?

येईल, आणि मराठी घरात हाच प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा, कारण नुसते उकडलेले बटाटे आपल्याकडे क्वचितच उरतात, भाजी उरते.

पिवळी कोरडी भाजी उत्तम. पुऱ्यांबरोबर करतात ती रसदार असेल तर आधी कढईत परतून कोरडी करून घ्या. कढीपत्त्याची पानं काढलेली बरी, अंड्यात ती चिवट लागतात. भाजीत मीठ-मिरची असतेच, तेव्हा अंड्यात मीठ अगदी चिमूटभर. काचऱ्या उरल्या असतील तर त्याहून भाग्य नाही, त्या आधीच खरपूस असतात, नुसत्या गरम करून घ्यायच्या. वड्याचं सारण मात्र कुस्करलेलं असतं. त्याचा फ्रिटाटा होतो, पण पोत दाट आणि पिठूळ येतो, म्हणून तिथे एखादं अंडं वाढवा आणि वरून भरपूर कोथिंबीर व कच्चा कांदा घाला.

एकादशीची तूप-जिऱ्याची, दाण्याचं कूट घातलेली भाजी द्वादशीला उरते. तीही चालते. कूट भाज्यांचं पाणी शोषतं, हा वरचा फायदा.

मुंबईच्या पारशी घरांत याच वळणाचा एक जुना पदार्थ आहे, पापेता पर ईडू. कांदा, आलं-लसूण, हिरवी मिरची घालून बटाट्याचे काप शिजवायचे, पसरट भांड्यात समतल करायचे आणि वर अंडी न फेटता फोडून झाकण ठेवायचं. भेंडीवर, टोमॅटोवर, सळीवरही (म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या बारीक काड्यांवर) पारशी लोक अशीच अंडी बसवतात. फोडणीची भाजी उरली असेल आणि फेटण्याचा कंटाळा असेल, तर हा मार्ग फ्रिटाटापेक्षा सोपा आहे आणि खरं सांगायचं तर हळद-मिरचीला तोच जास्त शोभतो.

माझ्या फ्रिटाटाला पाणी सुटतं. काय चुकतं?

जवळजवळ नेहमी भाज्या. पालक, मशरूम, टोमॅटो, झुकिनी, दुधी, कोबी यांत पाणी भरपूर असतं. कच्च्या घातल्या की त्या अंड्याच्या आतच शिजतात, पाणी तिथेच सोडतात आणि तळाशी फिकट पाण्याचं तळं साचतं. म्हणून प्रत्येक भाजी आधी परतायची आणि पाणी आटेपर्यंत परतायची. पालक परतून, गार करून, मुठीत घट्ट पिळा. जुडीभर पालकाचा लिंबाएवढा गोळा उरतो, घाबरू नका. मशरूम मोठ्या आचेवर, मीठ न घालता परता, चर्र आवाज थांबून पुन्हा सुरू झाला की पाणी संपलं असं समजा. टोमॅटोचा बियांचा गर काढून टाका. झुकिनी किंवा दुधी किसला असेल तर मीठ लावून दहा मिनिटं ठेवा आणि पिळा.

दुसरं कारण दूध. ‘मऊ व्हावा’ म्हणून अर्धा पेला दूध ओततात, मग अंडं ते धरून ठेवू शकत नाही.

तिसरं कारण आच. अंड्यातली प्रथिनं तापल्यावर एकमेकांत गुंतून जाळं करतात आणि पाणी त्या जाळ्यात अडकून राहतं. फार तापवलं की जाळं आवळलं जातं आणि पाणी बाहेर पिळलं जातं. म्हणजे अति शिजवलेला फ्रिटाटा एकाच वेळी रबरी आणि पाणीदार असू शकतो.

कोणत्या भाज्या बटाट्याबरोबर जमतात?

कांदा हवाच, आणि तो नीट गुलाबी-तपकिरी झालेला. त्यानंतर ढोबळी मिरची, वाफवलेला मटार, फरसबी, कांदापात, मेथी, फ्लॉवरचे छोटे तुरे. मेथीचा थोडा कडूपणा बटाट्याच्या गोडसर चवीला छान तोलतो. थंडीत एकदा जरूर करा. पण एका वेळी दोनच भाज्या निवडा, फार तर तीन. फ्रीजमधलं सगळंच एकत्र घातलं की कशाचीच चव लागत नाही. वांगं चालतं, पण आधी तेलात पूर्ण मऊ करून. भोपळा, बीट नको. एक फार गोड, दुसरं सगळं गुलाबी करतं.

सगळ्या भाज्या मिळून अंड्यांच्या दीडपटीच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर तुकडे कापताना ढासळतात.

अंडी किती फेटायची? दूध किती?

पांढरं आणि पिवळं एकजीव होईपर्यंत, काट्यानं, अर्धा-पाऊण मिनिट. फेस आणायचा नाही. फेसाची हवा शिजताना फुगते आणि नंतर बसते. दूध ऐच्छिक आहे, घालायचंच तर अंड्यामागे एक छोटा चमचा. साय असेल तर दुधापेक्षा साय बरी. सहा अंड्यांना अर्धा छोटा चमचा मीठ पुरतं, चीज घालणार असाल तर त्याहून कमी. बेकिंग पावडरची काही गरज नाही.

ओव्हन नाही. गॅसवर होतो का?

उत्तम होतो. ओव्हन ही सोय आहे, अट नाही.

बटाटे आणि भाज्या परतून ताटात काढा आणि दोन-तीन मिनिटं निवू द्या. कढत भाज्या फेटलेल्या अंड्यात घातल्या की अंडं तिथल्या तिथे गोठून गुठळ्या होतात. निवल्यावर अंड्यात मिसळा आणि पाच मिनिटं तसंच राहू द्या, बटाट्याच्या कापांना अंडं नीट लागतं. पॅन पुसून घ्या, कारण तळाशी चिकटलेला बटाट्याचा चुरा करपतो आणि मग अंडंही धरतं. उरलेलं तेल घालून पॅन मध्यम आचेवर तापवा. एक थेंब अंडं टाकून पाहा, लगेच पांढरं झालं की सगळं ओता.

पहिलं अर्धं मिनिट आच मध्यम ठेवा आणि उलथण्यानं कडेचं अंडं हळूच आत ओढत राहा, म्हणजे कच्चं अंडं कडेला वाहतं. मग गॅस अगदी बारीक करा, झाकण ठेवा. दहा ते बारा मिनिटं. मधे एकदा झाकण उघडून आतल्या बाजूचं वाफेचं पाणी पुसा, ते वर टपकायला नको. कडा पक्क्या झाल्या आणि मध्यभागी रुपयाएवढा भाग ओलसर उरला की उलटायची वेळ झाली.

ओटीजी किंवा ओव्हन असेल तर गॅसवर कडा धरेपर्यंत ठेवून पुढे १८० अंश सेल्सिअसवर आठ-दहा मिनिटं. त्यासाठी पॅनची मूठ प्लॅस्टिकची किंवा लाकडी नसावी. साध्या मायक्रोवेव्हमध्ये अंडं शिजतं, पण खरपूस रंग येत नाही आणि कडा चामट होतात.

उलटताना फुटतो. काही युक्ती?

उलथण्यानं उलटायच्या फंदात पडू नका. पॅनपेक्षा मोठं, सपाट ताट घ्या, काठ उंच नको. आधी पॅन गोल हलवून फ्रिटाटा सुटा सरकतो का ते पाहा. सरकत नसेल तर कडेनं सुरी फिरवा. ताट पॅनवर उपडं ठेवा, हाताला जाड फडकं घ्या, ताटावर तळहात घट्ट दाबा आणि एका दमात पालथं करा. कचरलं की फुटतो. मग ताटावरून पॅनमध्ये परत सरकवा आणि दुसरी बाजू दोन-तीन मिनिटं. हे सिंकवर उभं राहून करा, सांडलंच तर पुसायला सोपं.

तरीही नको वाटत असेल तर उलटूच नका. गॅस बंद करून झाकण ठेवून आणखी पाच मिनिटं राहू द्या, वरचा भाग उरलेल्या उष्णतेवर धरतो. वरून सोनेरी होणार नाही, एवढंच.

खालून करपतो आणि वर कच्चा राहतो.

आच जास्त आहे किंवा बूड पातळ आहे. सगळ्यात लहान बर्नर वापरा. तरी करपत असेल तर पॅनखाली जुना तवा ठेवा, धिरडी-घावन सोडून तो तवा इथेही कामाला येतो. भांडं लहान आणि अंडी जास्त असतील तरी हेच होतं. थराची जाडी दोन-अडीच सेंटिमीटरच्या वर नको. तीन अंड्यांचा करायचा तर १६ सेंटिमीटरचं छोटं पॅन आणि बटाटे दीडशे ग्रॅम.

कोणतं भांडं घ्यावं?

पहिल्यांदा करताना नॉनस्टिक, म्हणजे काळजी नको. मुरलेलं बिडाचं खोलगट पॅन असेल तर त्याहून चांगलं, खालची बाजू त्यात सुंदर खरपूस होते. नेहमीची गोल बुडाची कढई नको: मधे थर जाड होतो, तिथे कच्चं राहतं आणि कडा वाळतात. स्टीलमध्ये जमतं, पण तेल हात न आखडता घालावं लागतं.

शिजला हे कसं ओळखायचं?

मध्यभागी सुरी खुपसा. सुरीवर ओघळणारं अंडं नको, ओलसरपणा चालेल. पॅन हलवल्यावर मधला भाग किंचित थरथरला तर गॅस बंद करा, बाहेर काढल्यावरही तो शिजत राहतो. स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ७१ अंश सेल्सिअस झालं की अंडं सुरक्षित शिजलं असं मानतात. लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि वयस्कर माणसांसाठी करताना ओलसर ठेवू नका.

ओव्हनमध्ये छान फुगला होता, बाहेर काढल्यावर बसला.

बसतोच. आतली वाफ निवली की खाली येतो. पाच-दहा मिनिटं थांबून मग कापा, तुकडेही स्वच्छ पडतील.

चीज कोणतं?

इटलीत पार्मेझान किसून अंड्यातच फेटतात, त्याची खारट, खमंग चव वेगळीच. ते महाग पडतं. अमूलचं साधं प्रोसेस्ड चीज किसून चालतं, फक्त मीठ निम्मं करा. पनीर घालायचं तर चुरून, वरून. ते वितळत नाही आणि चवही फारशी देत नाही. चीज नाही घातलं तरी काहीही अडत नाही, कांदा नीट परतला असेल तर.

घरात अंडं चालत नाही. किंवा श्रावण आहे. पर्याय?

बेसन. इटलीतही अंडं न खाणारे लोक हरभऱ्याच्या पिठाचा फ्रिटाटा करतात, आणि जिनोव्हाच्या भागात तर हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ एवढ्याच सामग्रीची फारिनाता तांब्याच्या मोठ्या परातीत, लाकडाच्या भट्टीत भाजून विकतात. आपल्याला बेसनाचा पोळा नवा नाहीच.

दीड वाटी बेसन, पावणेदोन वाट्या पाणी, मीठ, चिमूटभर हिंग, ओवा. गुठळ्या मोडून निदान अर्धा तास भिजू द्या. परतलेले बटाटे-कांदा मिसळून वरच्याच रीतीनं, पण वेळ जास्त: झाकून पंधरा मिनिटं आणि उलटून पाच-सात. कच्च्या बेसनाचा वास पूर्ण गेला पाहिजे. याचा पोत अंड्यासारखा लुसलुशीत होत नाही, जरा दाट होतो. पण चटणीबरोबर उत्तम जातो.

कशाबरोबर वाढायचा?

इटलीत पाव आणि हिरवं सॅलड. तिथे फ्रिटाटाचा तुकडा पावात घालून सँडविचही करतात, तेव्हा लादीपावात घातला तर कुणाचा अपमान होत नाही. लसणाची कोरडी चटणी भुरभुरा, बटाटा आणि पाव यांच्याशी तिचं जुनं जमतं. टोमॅटो केचपनं सगळ्या चवी एकसारख्या होतात, निदान पहिला घास त्याच्याशिवाय खा.

मुलांच्या डब्यात देता येईल?

सकाळी करून पूर्ण निववा, मगच डबा बंद करा. गरम भरला तर वाफेनं चिघळतो. मधल्या सुट्टीपर्यंत काही होत नाही, पण दुपारपर्यंत उन्हात राहणाऱ्या डब्यात अंड्याचा पदार्थ नको. फ्रीजमध्ये झाकून तीन दिवस टिकतो. मात्र बटाटे आधीच दोन दिवसांचे असतील तर फ्रिटाटा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी संपवा. पुन्हा गरम करताना तव्यावर, झाकून, मंद आचेवर.

फ्रीझरमध्ये ठेवला तर?

ठेवू नका. गोठवलेला बटाटा वितळताना रवाळ होतो आणि पाणी सोडतो. चार तुकडे जास्त झाले तर शेजारी द्या.